अँट्रिमच्या किनाऱ्यावरचा एक दिवस : बेलफास्टहून खासगी मार्गदर्शकासोबतची सहल कशी आखावी

उत्तर आयर्लंडमधला अँट्रिम परगण्याचा किनारा बेलफास्टहून सकाळी निघून रात्रीपर्यंत पाहून होतो. जायंट्स कॉजवेचे षट्कोनी खांब, कॅरिक-अ-रीडचा दोरखंडांचा पूल, डनलूसचा कड्यावरचा भग्न किल्ला आणि डोंगर व समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा रस्ता हे सारे याच टापूत आहे. पहिल्या खेपेस मी हा किनारा पन्नास जणांच्या बसमधून पाहिला. जायंट्स कॉजवेवर आम्हाला तासभर मिळाला आणि त्यातला अर्धा वेळ उतरण्या-चढण्यात व स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. दुसऱ्या खेपेस आई-बाबा सोबत होते, बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून गाडीसह खासगी मार्गदर्शक घेतला. तेव्हा लक्षात आले की अशा सहलीत आपण पैसे मोजतो ते आरामशीर गाडीसाठी नव्हे, तर कुठे किती वेळ थांबायचे हे ठरवण्याच्या मोकळिकीसाठी. ही मोकळीक पुरेपूर वापरायची असेल, तर निघण्यापूर्वी काही गोष्टी नीट ठरवाव्या लागतात.

आधी व्हिसा

आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे एकाच बेटावर असले तरी उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. डब्लिनहून बेलफास्टला जाताना रस्त्यात चौकी लागत नाही आणि सहसा कोणी पासपोर्ट मागत नाही, त्यामुळे पुष्कळ जण समजतात की आयर्लंडचा व्हिसा दोन्हीकडे चालतो. तो चालत नाही. भारतीय पासपोर्टवर उत्तर आयर्लंडमध्ये पाऊल ठेवायचे तर ब्रिटनमध्ये प्रवेशाची परवानगी हवी. अधूनमधून गाड्यांची आणि रेल्वेची तपासणीही होते.

भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीय पर्यटकांसाठी २०१५ पासून ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. दोहोंपैकी एका देशाचा अल्पमुदतीचा व्हिसा घेताना त्यावर या योजनेचा शेरा मिळाला, तर त्याच व्हिसावर दुसऱ्या देशातही जाता येते. अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला, त्या देशात आधी उतरावे लागते. शेरा नसलेला व्हिसा फक्त त्याच देशापुरता असतो. डब्लिन किंवा कॉर्कमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आयर्लंडचे निवासपत्र हाती असले तरी भारतीय नागरिकाला उत्तरेकडे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. सहलीचा व्यवस्थापक हे तपासत नाही आणि तपासणीत अडकल्यास तो काही करूही शकत नाही. नियमांची ताजी स्थिती दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर पाहूनच तिकिटे काढावीत.

मुक्काम बेलफास्टला करावा

डब्लिनहून एका दिवसात जायंट्स कॉजवे करून परतता येते आणि तशा सहली विकल्याही जातात. पण डब्लिनहून तिथे पोहोचायला साधारण तीन तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास गाडीतच गेले. त्याऐवजी आदल्या दिवशी डब्लिनच्या कॉनोली स्थानकावरून एंटरप्राइझ रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत बेलफास्ट गाठावे, रात्री तिथे राहावे आणि मार्गदर्शकाला सकाळी हॉटेलवर बोलवावे. बेलफास्टहून आतल्या जलद रस्त्याने कॉजवे सव्वा तासावर आहे. वाचलेले साडेतीन तास किनाऱ्यावर घालवता येतात. हा एक बदल खासगी सहलीवर केलेल्या खर्चाचे खरे चीज करतो. नाही तर महागडी गाडी घेऊनही दिवस महामार्गावरच संपतो.

मार्गदर्शक निवडताना काय विचारावे

येथे बहुतेक खासगी सहलींत एकच व्यक्ती गाडीही चालवते आणि माहितीही सांगते. काही ठिकाणी चालक वेगळा आणि मार्गदर्शक वेगळा असतो. तो प्रकार महाग पडतो, पण आठ-दहा जणांचे कुटुंब असेल तर उपयोगी ठरतो, कारण चालक गाडीपाशी थांबतो आणि मार्गदर्शक पायी सोबत येतो. एकटाच चालक-मार्गदर्शक असेल तर ‘खडकांपर्यंत तुम्ही आमच्याबरोबर चालत येणार का, की वाहनतळावरच थांबणार?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तराप्रमाणे सहलीचा दर्जा बदलतो.

ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमध्ये ‘ब्लू बॅज’ ही प्रशिक्षित मार्गदर्शकांची मानाची पात्रता आहे. ती असलेला माणूस मिळाला तर उत्तमच, पण ती नसलेले, याच गावांत वाढलेले उत्कृष्ट मार्गदर्शकही भेटतात. गाडीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला आणि चालकाला तेथील वाहन खात्याचा टॅक्सी परवाना लागतो आणि भाड्याच्या प्रवाशांचा विमा लागतो. ‘परवाना क्रमांक कळवाल का?’ असे सरळ विचारावे. प्रामाणिक व्यावसायिकाला त्यात राग येत नाही.

दर साधारणतः माणशी नसून गाडीमागे असतो. त्यामुळे दोघांना महाग वाटणारी सहल चौघांत किंवा सहा जणांत वाटली की आवाक्यात येते. व्यवहार पौंडात होतो, युरोत नव्हे. दर कळल्यावर पुढील बाबी लेखी मागाव्यात : सहल किती तासांची, जादा तासाला किती पैसे, वाहनतळाचे शुल्क कोणाकडे, प्रवेशशुल्क त्यात धरले आहे का, आणि रद्द केल्यास किती परत मिळणार. लहान मूल असेल तर वय आणि उंची कळवून मुलाचे आसन मागून घ्यावे. १२ वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी तेथील कायद्यात तशा आसनाची तरतूद आहे.

आपली माहितीही मोकळेपणाने द्यावी. कोणाला जिना चढता येत नाही, कोणाला गाडी लागते, कोण शाकाहारी आहे, कोणाला भूगर्भशास्त्रात रस आहे आणि कोणाला ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या चित्रीकरणाच्या जागाच पाहायच्या आहेत, हे आधी कळले की चांगला मार्गदर्शक रस्ता त्याप्रमाणे बांधतो.

कोणत्या बाजूने फिरावे

या एका प्रश्नावर बहुतेक लेख गप्प असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नेहमीच्या सहली बेलफास्टहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे जातात आणि दुपारी कॉजवेला पोहोचतात. डब्लिनहून आलेल्या बसेसही त्याच सुमारास येतात, त्यामुळे सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत तिथे सर्वांत जास्त गर्दी असते. आपण उलटे करावे. सकाळी साडेसातला निघून आतल्या एम-२ आणि ए-२६ या रस्त्यांनी थेट उत्तरेस जावे, कॉजवे सकाळीच पाहून घ्यावा आणि दुपारनंतर किनाऱ्याच्या ए-२ रस्त्याने रमतगमत दक्षिणेस परतावे.

यात दुसरा फायदा आहे. येथे आपल्यासारखेच डावीकडून वाहन चालवतात. पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे येताना समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे आपली गाडी पाण्यालगतच्या बाजूने धावते. थांबायचे झाले तर समोरची रांग ओलांडावी लागत नाही आणि डाव्या खिडकीत बसलेल्याला मधे काहीही न येता पाणी दिसते.

छायाचित्रणाची ज्यांना ओढ आहे त्यांचे मत वेगळे असू शकते, कारण कॉजवेवरचा सर्वांत सुंदर प्रकाश सूर्यास्ताचा असतो आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. अशांनी नेहमीच्या दिशेने जाऊन कॉजवे शेवटी ठेवावा आणि जादा तासांचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत. डिसेंबरात मात्र दुपारी चारलाच अंधारते, तेव्हा निवडीला वावच नसतो. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत योग्य वाटतात.

सकाळ : डार्क हेजेस आणि जायंट्स कॉजवे

आर्मोय गावाजवळचा डार्क हेजेस हा ‘बीच’ (beech) जातीच्या झाडांचा बोगदा वाटेत लागतो. स्ट्युअर्ट कुटुंबाने सुमारे १७७५ मध्ये आपल्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा ही झाडे लावली. आता ती म्हातारी झाली आहेत, वादळांत पुष्कळ पडली आणि काही धोकादायक म्हणून तोडावी लागली. झाडांच्या मुळांवर भार पडू नये म्हणून २०१७ पासून या रस्त्यावर वाहनांना बंदी आहे, त्यामुळे गाडी जवळच्या वाहनतळावर ठेवून चालत जायचे. साडेआठला पोहोचलात तर वीस मिनिटे पुरतात. अकरानंतर जायचे असेल तर मी हे ठिकाण वगळेन.

जायंट्स कॉजवेला मात्र किमान दोन तास राखून ठेवावेत. सुमारे ४०,००० खांबांचा हा किनारा १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्याची देखभाल करते. अभ्यागत केंद्र आणि वाहनतळ यांना शुल्क आहे, पण खडकांपर्यंत पायी जाण्याचा हक्क सर्वांना विनामूल्य आहे. शुल्काचा कोणता पर्याय आपल्याला सोयीचा ते मार्गदर्शकाला विचारावे. केंद्रापासून खडकांपर्यंत सुमारे एक किलोमीटरचा उतार आहे. ज्यांना चढ जमत नाही त्यांच्यासाठी छोटी बस सतत ये-जा करते. बाबा दोन्ही वेळा बसने गेले. आई आणि मी उतरताना चाललो आणि येताना बस घेतली. बहुतेकांना हाच मेळ मानवेल.

खडकांवर उतरल्यावर आधी रंग पाहावा. वरचे दगड करडे-पिवळसर असतात आणि पाण्यालगतचे काळे. काळ्या पट्ट्यावर शेवाळ असते आणि तो कमालीचा निसरडा असतो. तिथे पाऊल ठेवूच नये, कारण लाटही अचानक येते. खांबांचे माथे नीट पाहिले तर काही बशीसारखे खोलगट आणि काही फुगीर दिसतात. खांब उभे तडकले तसेच आडवेही तडकले, आणि त्या आडव्या भेगा सपाट न जाता वाकल्या, म्हणून एकाचा फुगीर भाग दुसऱ्याच्या खोलग्यात बसतो. पाऊस पडून गेला की खोलगट माथ्यांत पाण्याची तळी साचतात आणि शेकडो षट्कोनी आरशांत आभाळ दिसते. सगळे खांब सहा बाजूंचे नाहीत. पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ आहेत, आणि मुलांना मोजायला लावले की ती रमतात.

हे झाले कसे? सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि उत्तर अमेरिका एकमेकांपासून दुरावत असताना येथे लाव्हाचे थरावर थर वाहिले. जाड थर सावकाश निवताना आक्रसला, पृष्ठभागावर भेगा पडल्या आणि त्या निवत्या थराबरोबर खोल उतरत गेल्या. हाच बेसॉल्ट आपल्या सह्याद्रीचा आहे, आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच रीतीने घडले आहेत. ते साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे यांच्याहून थोडे थोरले.

मार्गदर्शकाला खांबांपाशीच थांबू देऊ नका. त्याच वाटेने पुढे ‘जायंट्स बूट’ या बुटाच्या आकाराच्या दगडापर्यंत आणि ‘द ऑर्गन’ या उंच खांबांपर्यंत जावे. तिथल्या कड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटकरी-तांबडा पट्टा दिसतो. आईचे माहेर राजापूरकडचे. ती तो पट्टा पाहताच थबकली आणि म्हणाली, “अरे, हा तर आपला जांभा!” मार्गदर्शकाने ते ऐकून अर्थ विचारला आणि मग सांगितले की तो खरोखरच जांभ्याच्या जातीचा थर आहे. लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या दीर्घ काळात येथे हवा उष्ण आणि दमट होती, आणि त्या हवेत वरचा दगड कुजून तांबडी माती झाली. बसच्या सहलीत इथवर चालत यायला वेळच मिळत नाही.

एक विनंती मनापासून करतो. खांबांच्या भेगांत नाणी ठोकण्याची वाईट सवय पर्यटकांना लागली आहे. ती नाणी गंजून फुगतात, दगडाचे टवके उडवतात आणि गंजाचे ओघळ खांबांवर उतरतात. इतर कोणी करताना दिसले तरी आपण करू नये आणि मुलांनाही करू देऊ नये.

फिन मॅकूल या राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनँडॉनरशी लढायला जाण्यासाठी हा समुद्रातला रस्ता बांधला, ही दंतकथा मार्गदर्शकाच्या तोंडूनच ऐकावी. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही असेच खांब असल्यामुळे कथेला दोन टोके आहेत आणि प्रत्येक जण ती आपल्या ढंगाने सांगतो.

दुपार : डनलूस, जेवण आणि झुलता पूल

कॉजवेहून पश्चिमेला दहा मिनिटांवर डनलूस आहे. १६३९ मध्ये एका वादळी रात्री त्याचे स्वयंपाकघर समुद्रात कोसळले असे सांगतात. आत जाण्यापेक्षा पोर्टरशच्या दिशेने थोडे पुढे जाऊन मॅगेराक्रॉस येथील थांब्यावरून तो पाहणे मला अधिक पटले, कारण किल्ला किती अवघड सुळक्यावर उभा आहे ते तिथूनच कळते.

जेवण बुशमिल्समध्ये किंवा बॅलीकॅसलमध्ये घ्यावे. शाकाहारी मंडळींनी एक खबरदारी घ्यावी : अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातले पारंपरिक ‘व्हेजिटेबल ब्रॉथ’ नावाला भाज्यांचे असले तरी ते पुष्कळदा गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या अर्कात शिजवतात. म्हणून “यात मांसाचा अर्क आहे का?” असे स्पष्ट विचारावे, केवळ नावावर जाऊ नये. गव्हाच्या जाड पिठाचा व्हीटन ब्रेड लोण्यासोबत फार चांगला लागतो. बॅलीकॅसलमध्ये यलोमॅन नावाची पिवळी, जाळीदार, कडक मिठाई मिळते आणि वाळवलेले खारट समुद्रशेवाळ, म्हणजे डल्स, पिशवीतून विकतात. घरचा चिवडा किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत असाव्यातच. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी घरीच ठेवावी.

कॅरिक-अ-रीडचा पूल २० मीटर लांब आणि समुद्रापासून सुमारे ३० मीटर उंच आहे. साल्मन पकडणाऱ्या कोळ्यांनी १७५५ मध्ये येथे पहिला पूल बांधला, कारण साल्मनचे थवे बेटाला वळसा घालून जात आणि जाळी बेटावरूनच टाकावी लागत. आजचा पूल भक्कम आहे. तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते आधी ऑनलाइन काढावे लागते. मार्गदर्शक काढणार की आपण, हे स्पष्ट करून घ्यावे आणि दुपारी दीड-दोनची वेळ घ्यावी. वाहनतळापासून सुमारे एक किलोमीटर चालावे लागते आणि पुलाआधी उंच पायऱ्या आहेत. उंचीची भीती असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की परत येण्याचा रस्ता त्याच पुलावरून आहे. वारा जोराचा असला की पूल बंद ठेवतात, म्हणून मार्गदर्शकाशी पर्यायी ठिकाण आधीच ठरवावे. माझ्या मते जवळचे बॅलिंटॉय बंदर हा उत्तम पर्याय आहे. नागमोडी उतार, पांढऱ्या चुनखडकाचा चिमुकला धक्का आणि समोर काळे खडक असे ते बंदर आहे. ज्यांना पूल झेपत नाही त्यांनी तो वेळ तिथेच घालवावा.

परतीचा रस्ता

बॅलीकॅसलनंतर निवड येते. मुख्य रस्ता आतून, पठारावरून जातो. टॉर हेडचा रस्ता मात्र कड्याच्या कडेने, एका गाडीपुरता अरुंद आणि चढ-उतारांचा आहे. मोठ्या बसेस तिथे जात नाहीत, आणि खासगी गाडीचा हा खास लाभ आहे. स्वच्छ दिवशी टॉर हेडवरून सुमारे वीस किलोमीटरवरचा स्कॉटलंडचा किनारा इतका जवळ दिसतो की त्यावरची शेते ओळखू येतात. गाडी लागणारे कोणी सोबत असेल तर त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, किंवा हा फाटा सोडावा. धुके असेल तरीही सोडावा.

पुढे कुशेंडॉलपासून लार्नपर्यंतचा रस्ता हा या दिवसाचा दुसरा कळस आहे. विल्यम बाल्ड या स्कॉटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली १८३२ ते १८४२ या काळात तो बांधला गेला. त्यापूर्वी अँट्रिमच्या नऊ दऱ्यांतली गावे एकमेकांपासून तुटलेली होती, आणि तिथल्या लोकांना जमिनीवरून शेजारच्या बाजारपेठेला जाण्यापेक्षा होडीने स्कॉटलंडला जाणे सोपे पडे. बाल्डने डोंगर चढण्याचा नाद सोडून कड्यांना सुरुंग लावले आणि रस्ता त्यांच्या पायथ्याशी, थेट भरतीच्या रेषेवर नेला. मार्गदर्शकाला सांगून कार्नलॉकच्या छोट्या बंदरात चहासाठी अर्धा तास थांबावे. चांगली सेवा मिळाली तर दहा टक्क्यांच्या आसपास बक्षिसी देण्याची रीत आहे, सक्ती नाही.

कपड्यांबाबत इतकेच सांगतो की छत्री नेऊ नये, वारा ती टिकू देत नाही. टोपी असलेले जलरोधक जाकीट आणि तळव्याला खाचा असलेले बूट जुलैतही लागतात. एक कोरडा मोज्यांचा जोड गाडीत ठेवावा. कार्नलॉकला पोहोचेपर्यंत आम्हा तिघांचेही मोजे ओले झाले होते, आणि बाबांनी ते बदलूनच चहाचा पेला हातात घेतला.